कप्तान हेन्री पिडिंग्टन : वारा, वादळलाट आणि माणसाचे घर

पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यात जामसर नावाचे गाव आहे. समुद्र तेथून दिसत नाही. त्याची गाजही कानी येत नाही. वादळ म्हणजे काय हे गावकऱ्यांस ठाऊक आहे ते केवळ वाऱ्यावरून. वैशाखाच्या अखेरीस आभाळ काळवंडते, दिशा धुळीने भरून जातात, आणि पाहता पाहता कुडाच्या घरावरील कौले वाळल्या पानांसारखी उडू लागतात. गतवर्षी भूगोलाच्या तासास आम्ही चक्रीवादळाचा धडा शिकवीत असता त्या बाजूच्या एका विद्यार्थ्याने आम्हास विचारले की, घराला अधिक भय कशाचे, वाऱ्याचे की समुद्राच्या पाण्याचे? आम्ही क्षणाचाही विचार न करता वाऱ्याचे असे सांगून मोकळे झालो. कारण जामसरपर्यंत समुद्र कधी येणार नाही, हे उघडच होते. विद्यार्थी मुकाट्याने खाली बसला. पुढे सहज चौकशी करता कळले की, त्याचे आईबाप दिवाळीनंतर वसईकडे खाडीकाठच्या एका वीटभट्टीवर कामास जातात व पावसाळा तोंडावर येईपर्यंत तेथेच खोपट बांधून राहतात. म्हणजे त्या कुटुंबाची घरे दोन होती, एक डोंगरात व एक खाडीकाठी. मुलाच्या मनात होते ते दुसरे घर, आणि आमचे उत्तर होते पहिल्यापुरते.

ही चूक आमच्या मनास लागून राहिली. तिची दुरुस्ती करावी म्हणून शोध घेऊ लागलो, तेव्हा ज्याने आपल्या आयुष्याची सुमारे वीस वर्षे वादळांच्या अभ्यासात वेचली अशा एका पुरुषाचे चरित्र आमच्या वाचनात आले. ते आमच्या विद्यार्थिमित्रांसाठी येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

हेन्री पिडिंग्टन यांचा जन्म ७ जानेवारी १७९७ रोजी इंग्लंडातील ससेक्स परगण्यात अकफील्ड या गावी झाला. लहान वयातच त्यांनी व्यापारी जहाजांवर चाकरी धरली आणि हिंदुस्थान व चीन यांच्याशी चालणाऱ्या व्यापारात अनुभव मिळवीत ते स्वतः जहाजाचे कप्तान झाले. सुमारे १८३० साली त्यांनी समुद्रावरील जीवन सोडले व कलकत्ता येथे कायमचे वास्तव्य केले. बहुतेक कप्तान निवृत्तीनंतर विसावा घेतात. परंतु पिडिंग्टन साहेबांची जिज्ञासा स्वस्थ बसणारी नव्हती. हिंदुस्थानातील वनस्पतींची एक सूची त्यांनी १८३२ साली प्रसिद्ध केली. माती व खनिजे यांचेही परीक्षण ते करीत, आणि पुढे कलकत्त्याच्या आर्थिक भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयाची व्यवस्था त्यांच्या हाती आली. जहाजांस अपघात झाला म्हणजे त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमंडळाचे ते अध्यक्षही होते. मोडून आलेली जहाजे, बुडालेल्या खलाशांच्या हकीकती व कप्तानांच्या रोजनिशा या नित्य त्यांच्यापुढे येत. अशा माणसाचे लक्ष वादळांकडे वळले, यात नवल नाही.

त्या काळी वादळांविषयीचे ज्ञान अगदी बाल्यावस्थेत होते. अमेरिकेत विल्यम रेडफील्ड नावाच्या, मूळच्या खोगीर बनविणाऱ्या गृहस्थाने १८२१ च्या वादळानंतर प्रवास करीत असता एक चमत्कार पाहिला. एका प्रांतातील झाडे एका दिशेस उन्मळून पडली होती, तर काही कोसांवरील झाडे नेमकी उलट दिशेस. यावरून वादळाचा वारा सरळ न वाहता गरगर फिरतो, असे अनुमान त्याने काढले. पुढे कर्नल विल्यम रीड या लष्करी इंजिनिअरास, १८३१ च्या वादळाने जमीनदोस्त झालेल्या बार्बाडोस बेटावरील इमारती पुन्हा उभारण्याच्या कामी पाठविण्यात आले. पडलेली घरे बांधता बांधता ती कशाने पडली याचा शोध त्याने आरंभिला आणि १८३८ साली वादळांच्या नियमांवर एक ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ पिडिंग्टन साहेबांच्या हाती आला, आणि येथून त्यांच्या आयुष्यास नवी दिशा मिळाली.

१८३९ च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात एक मोठे वादळ झाले. त्यात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशा पिडिंग्टन साहेबांनी मिळविल्या, कोणत्या घटकेस कोणत्या जागी वारा कोणत्या दिशेचा होता हे नकाशावर मांडले, आणि आपला पहिला निबंध एशियाटिक सोसायटीच्या मासिकात छापविला. तेव्हापासून मरेपर्यंत हा क्रम चालू राहिला. वादळ होऊन गेले की ते कप्तानांस व बंदरांतील अधिकाऱ्यांस पत्रे लिहीत. येतील ती टिपणे ताडून पाहत. आणि वादळाचा मार्ग रेषेरेषेने उभा करीत. हाती उपग्रह नव्हते व बिनतारी यंत्रही नव्हते. साधन काय ते एकच, दुसऱ्यांनी संकटात असताना प्रामाणिकपणे करून ठेवलेल्या नोंदी.

या नोंदींपैकी एक फार प्रसिद्ध आहे. १८४५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स हेडल नावाचे एक लहान जहाज मॉरिशस बेटाजवळ वादळात सापडले. वाऱ्यापुढे पळावे म्हणून त्याने पाठ दिली व पाच दिवस ते धावत राहिले. वाटले की आपण शेकडो मैल दूर आलो. प्रत्यक्षात ते वादळाच्या मध्याभोवती पाच प्रदक्षिणा घालून आरंभाच्या ठिकाणापासून फारसे लांब गेलेच नव्हते. वादळ चक्राकार असते याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

१८४८ साली पिडिंग्टन साहेबांनी खलाशांसाठी हॉर्न-बुक नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडात पूर्वी मुलांची मुळाक्षरे शिंगाच्या पारदर्शक पापुद्र्याखाली बसवीत व त्या पाटीस हे नाव असे. खलाशांसही वादळाची मुळाक्षरे इतक्याच सोपेपणाने यावीत, हा ग्रंथकाराचा हेतू होता. त्या ग्रंथासोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या दिलेल्या असत व त्यांवर वाऱ्याच्या दिशा कोरलेल्या असत. चकती समुद्राच्या नकाशावर ठेवून आपल्या जहाजावरील वाऱ्याशी जुळवून पाहिली की वादळाचा मध्य कोणीकडे आहे हे कप्तानास समजे, व त्याच्या उलट बाजूस जहाज नेता येई. याच ग्रंथात त्यांनी या वादळांस सायक्लोन हे नाव सुचविले. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ते घेतले होते. आज जगभर रूढ असलेला हा शब्द कलकत्त्यात बसून एका निवृत्त कप्तानाने घडविला, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

येथवर जहाजांची कथा झाली. परंतु आमचा प्रश्न घराचा होता. जहाजास पळता येते, घरास पळता येत नाही. आणि किनाऱ्यावरील घरावर वादळ दोन शत्रूंनिशी चालून येते. त्या दोघांचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे.

पहिला शत्रू वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा समोर आलेल्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ४७ किलोग्रॅम वजनाइतका जोर करतो. तोच ताशी २०० किलोमीटर झाला तर हा जोर १९० किलोग्रॅमच्या घरात जातो. शिवाय तो केवळ ढकलतो असे नाही. छपरावरून वेगाने जाताना तो छपरास वर ओढतो, आणि दारे-खिडक्यांवाटे आत शिरला तर आतूनही वर लोटतो. म्हणूनच घराची कौले व पत्रे प्रथम जातात, मग वासे हलतात, आणि छपराचा आधार गेलेली भिंत शेवटी पडते. यात आणखी एक कपट असे की, वादळाचा मध्य डोक्यावर आला म्हणजे वारा एकाएकी थांबतो. संकट टळले असे समजून माणसे बाहेर येतात, आणि अर्ध्याएक तासाने वारा नेमका उलट दिशेने पुन्हा झोडपू लागतो.

दुसरा शत्रू वादळलाट. वादळाच्या मध्यात हवेचा दाब कमी असल्यामुळे तेथील समुद्राचे पाणी थोडे फुगते. परंतु हे फुगणे सहसा हातभराहून अधिक नसते. खरा प्रताप वाऱ्याचा. तो तासन् तास समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटीत राहतो. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असला, उपसागर निमुळता असला व त्याच वेळी भरती असली, तर त्या पाण्यास मागे वळण्यास वाट उरत नाही आणि ते जमिनीवर चढते. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट जड आहे. हिशेब केला तर असे दिसते की, ताशी २०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने भिंतीवर जो जोर पडतो, तोच जोर ताशी अवघ्या ७ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याच्या गतीने वाहणाऱ्या पाण्याने पडतो! त्यात ते पाणी ओंडके, होड्या व मोडक्या घरांची लाकडे बरोबर घेऊन येते, जोत्याखालची माती खणून काढते, आणि ओसरल्यावर शेतात व विहिरीत मीठ ठेवून जाते. छप्पर उडालेल्या घरात माणूस जिवंत राहू शकतो. आढ्यापर्यंत पाणी चढलेल्या घरात राहू शकत नाही.

पिडिंग्टन साहेबांनी हे ओळखले होते. त्यांनी आपल्या ग्रंथात आंध्र किनाऱ्यावरील कोरिंगा या बंदराची हकीकत नमूद केली आहे. १७८९ च्या डिसेंबरात तेथे वादळ व भरती एकाच वेळी आली. एकामागून एक तीन प्रचंड लाटा आल्या. पहिलीने गावात पाणी शिरले, दुसरीने सखल मुलूख बुडाला, आणि तिसरीने सर्व काही गिळून टाकले. बंदरात नांगरलेली जहाजे वाहत जाऊन शेतात पडली, आणि सुमारे २०,००० माणसे नाहीशी झाली.

अशा पार्श्वभूमीवर १८५३ साल उगवले. हुगळी नदी गाळाने भरून कलकत्ता बंदर निरुपयोगी होईल की काय, अशी चिंता सरकारास वाटू लागली होती. म्हणून कलकत्त्याच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरांवर, सुंदरबनाच्या दलदलीच्या मुलखात, मातला नदीच्या काठी नवे बंदर वसविण्याचा विचार चालू झाला. पिडिंग्टन साहेबांनी ती जागा व उपसागराचा नकाशा समोर ठेवला आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांस एक जाहीर पत्र लिहिले. त्यांत त्यांनी स्पष्ट बजावले की, येथे वस्ती करणाऱ्यांनी एक दिवस पाहण्याची तयारी ठेवावी; त्या दिवशी वादळाच्या घोर संकटात खाऱ्या पाण्याची प्रचंड रास त्यांच्यावर लोटत येईल, आणि सारी वसाहत पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल. इमारत कितीही पक्की बांधली तरी जागेचा दोष इमारतीने भरून निघत नाही, हे त्या पत्राचे मर्म होते.

पत्र छापले गेले, वाचले गेले, आणि बाजूस ठेवले गेले. जमीन घेतली गेली. पुढे लोहमार्ग आला, धक्के बांधले, गोदामे उठली. भावी भरभराटीच्या आशेने लोकांनी कंपनीचे भाग विकत घेतले. बंदरास पोर्ट कॅनिंग असे नाव मिळाले. पिडिंग्टन साहेब हे पाहण्यास राहिले नाहीत. ७ एप्रिल १८५८ रोजी कलकत्त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांचे म्हणणे खरे की खोटे याचा निर्णय त्यांच्या हयातीत झाला नाही.

निर्णय झाला तो असा. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आले. शहरात व उपनगरांत वाऱ्याने सुमारे ४०,००० कौलारू व गवती झोपड्या आडव्या केल्या. तरी तेथे वादळाने मेलेल्यांची संख्या पन्नासाच्या आसपास होती. त्याच दिवशी, त्याच वादळाने हुगळीच्या मुखातून लाट आत ढकलली आणि खालच्या काठांवरील सुमारे ५०,००० माणसे बुडून मेली. वादळ एकच, दिवस एकच. परंतु वाऱ्याने घरे घेतली व पाण्याने माणसे नेली. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर आम्हास कोठेही आढळले नाही.

तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १८६७ रोजी, पोर्ट कॅनिंगची पाळी आली. वाऱ्याने स्टेशन व गोदामे पाडली. एक जहाज सुटून धक्क्यावर आदळले व धक्का मोडला. आणि पाठोपाठ वादळलाट येऊन गोड्या पाण्याचे तलाव खारट करून गेली. सुमारे ९० माणसे व ५०० हून अधिक गुरे दगावली. काही वर्षांतच ते बंदर सोडून देण्यात आले. पिडिंग्टन साहेबांच्या पत्रास तेव्हा चौदा वर्षे झाली होती. एवढ्यावरही शेवट झाला नाही. १८७६ साली मेघना नदीच्या मुखाशी, बाकरगंज भागात आलेल्या वादळलाटेत सुमारे एक लाख माणसे बुडाली व मागाहून आलेल्या पटकीने आणखी तितकीच नेली. १८६४ सारख्या आधीच्या संकटांतूनच वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था निर्माण होऊ लागली होती. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ सालीच स्थापन झाले होते, ते त्या आधीच्या संकटांचे एक फळ होय.

आता कोणी म्हणेल की, हे सर्व बंगालचे. आमच्या कोकणास त्याचे काय? हे खरे आहे की, अरबी समुद्रात चक्रीवादळे कमी होतात व त्यांतील बहुतेक आमच्या किनाऱ्यास वळसा घालून जातात. परंतु १६१८ च्या मे महिन्यात वसई व मुंबईस घोर वादळाने गाठले होते. समुद्र इतका खवळला की शहर बुडते असे लोकांस वाटले. १८५४ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदरात कित्येक जहाजे फुटली. २२ नोव्हेंबर १९४८ रोजीचे वादळ मुंबईच्या उत्तरेस किनाऱ्यावर चढले. आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या बागा मोडल्या, घरांवरील पत्रे व कौले उडाली; मात्र समुद्राचे पाणी त्या मानाने थोडे चढले. यावरून कोकणास भय वाऱ्याचेच, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुंबईकडील समुद्रात मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर चार-पाच मीटर असते. वादळ ओहोटीस आले तर चढलेले पाणी वाळूतच राहील. तेच ऐन उधाणाच्या भरतीस आले, तर खाडीकाठच्या वस्तीत शिरेल. केवळ काही तासांचा हा फरक आहे, आणि तो आपल्या हाती नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अरबी समुद्रातील वादळांचे मुख्य हंगाम दोन. एक मे-जूनचा व दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. जामसर, जव्हार, मोखाडा या भागांतील श्रमिक मंडळी दिवाळीच्या सुमारास खाली उतरतात व पावसाळ्यापूर्वी वर परततात. म्हणजे त्यांचे जाणे व येणे नेमके या दोन हंगामांच्या कडेवर पडते. डोंगरातील माणसास समुद्राशी कर्तव्य नाही, हा समज किती पोकळ आहे, हे यावरून दिसेल.

तर मग घरधन्याने करावे काय? वाऱ्याशी झगडता येते. आढे व वासे मेढींस तारेने किंवा काथ्याने घट्ट बांधावे, पत्र्यांस पुरेसे खिळे व आकडे द्यावे, घरावर झुकलेल्या फांद्या वेळीच छाटाव्या, वारा एकाएकी थांबला तर लगेच बाहेर पडू नये. पाण्याशी मात्र झगडता येत नाही. तेथे उपाय दोनच. घर बांधताना उंच जागा निवडणे, आणि सूचना मिळताच घर सोडून उंच जागी जाणे. खोपट बांधण्यापूर्वी मोठ्या उधाणाचे पाणी कोठवर चढते, हे तेथील जुन्या कोळ्यास विचारून घ्यावे. वारा व पूर दोन्ही घरांवर सारखेच आले, आणि टिकले ते खडकावरचे घर, हा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. पिडिंग्टन साहेबांनी नकाशा व रोजनिशा यांच्या साह्याने हीच जागेची निवड सरकारास शिकवू पाहिली.

त्यांचे शिकवणे फुकट गेले, असे आज म्हणता येत नाही. १९९९ च्या ऑक्टोबरात ओरिसाच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळात सुमारे दहा हजार माणसे मेली, त्यांतील फार मोठा भाग समुद्राच्या पाण्याने. तेथून धडा घेतला गेला. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन नावाचे प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यापूर्वीच सुमारे दहा लाख लोकांस घरांतून हलवून सुरक्षित जागी नेले होते. घरे असंख्य पडली. परंतु मृतांची संख्या शंभरापर्यंतही गेली नाही. हलविलेल्यांपैकी कित्येकांस पिडिंग्टन हे नावही ठाऊक नसेल. तथापि त्यांच्या जिवाच्या रक्षणात त्या वृद्ध कप्तानाचा अंश आहेच.

शेवटी आमच्या चुकीविषयी. यंदा वर्ग भरल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलावून आमचे पूर्वीचे उत्तर अपुरे होते, हे सांगितले. जामसरच्या घरास भय वाऱ्याचे. त्याचे छप्पर बांधून काढावे. खाडीकाठच्या खोपटास भय पाण्याचे. त्यात जीव गुंतवू नये, इशारा येताच ते सोडावे. त्याने थोडा वेळ विचार करून, भट्टीवरून उंच रस्ता किती दूर आहे हे आपण दिवाळीनंतर गेल्यावर पावलांनी मोजू, असे सांगितले. पिडिंग्टन साहेबांचे चरित्र वाचल्याचे सार्थक आम्हास त्या एका वाक्यात झाल्यासारखे वाटले.